बारा रेघा

सिस्टरनी सिरिंज लावून नळीच्या टोकाचा फुगा रिकामा केला, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दीर्घ श्वास घ्या. आता सोडा. हळू."

नळी बाहेर आली. आईनं तोंड वाकडं केलं, पण हूं की चूं केलं नाही. पडद्याबाहेर उभ्या असलेल्या तिच्या मुलीला नळी ट्रेमध्ये पडल्याचा ओला आवाज तेवढा ऐकू आला.

"झालं?" आईनं विचारलं.

"माझं झालं. आता खरं काम तुमचं." सिस्टरनी पडदा सारला आणि पुढचं बोलणं मुलीकडे बघून केलं. "नळी दोन दिवस आत होती. जितकी जास्त राहील तितके जंतू वर चढायची भीती, म्हणून काढली. आता आतलं सगळं धुऊन निघायला हवं. दिवसाला दहा-बारा ग्लास पाणी. दर दोन-तीन तासांनी लघवीला न्यायचं, लागलेली असो वा नसो. अडवून धरायचं नाही. पुसताना पुढून मागे, उलटं कधीच नाही. यांना साखर आहे, वय अडुसष्ट. अशा बाईला तिथे जंतू लागले की ते तिथेच थांबत नाहीत. मूत्रपिंडात जातात, तिथून रक्तात. मग ऑपरेशन कितीही छान झालेलं असो. लक्षात येतंय ना?"

मुलीनं मान हलवली. सिस्टरनी खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या पाटीवर एक कोरा कागद लावला आणि मधोमध रेघ ओढून दोन रकाने केले. एकावर लिहिलं पाणी, दुसऱ्यावर लघवी.

"एक ग्लास, एक रेघ. एक फेरी, एक टिंब. तीस खाटांना आम्ही दोघी आहोत, तेव्हा हे तुम्हीच भरायचं."

"हिला सांगायला नको," आई उशीवरून म्हणाली. "वजनकाट्यावर बसते ही. मालाचे ट्रक तोलते. आकडा लिहिल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरत नाही. आमची काटेवाली आहे ती."

सिस्टर हसल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. काटेवालीनं पर्समधून स्वतःची पेन्सिल काढली, ग्लास भरला आणि आईच्या हातात दिला. आईनं त्या ग्लासकडे असं पाहिलं की जणू कुणाचं तरी उसनं घेतलेलं भांडं आहे आणि कधी ना कधी परत करावं लागणार आहे.

पाणी पिणं हे आईच्या अंगवळणी पडलेलंच नव्हतं. एकतीस वर्षं तिनं कपडे शिवायच्या कारखान्यात काढली होती. ऐंशी बायांना एक संडास, त्याला एक लाकडी बिल्ला, आणि तो बिल्ला मुकादमबाईंच्या टेबलावर. दिवसात दोन घंटा व्हायच्या, त्या वेळी रांग लावायची. मधे लागली तर सगळ्या मशिनींच्या देखत टेबलापर्यंत जायचं आणि विचारायचं, बाई, जाऊ का? आईनं पहिल्या महिन्यातच यावर उपाय काढला. ती सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत पाण्याला शिवायचीच नाही. पुढे पुढे तिला याचा अभिमानच वाटायला लागला. "माझी टाकी पोलादी आहे," ती सांगायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तिचा दिवसाचा हिशेब दोन कप चहा आणि गोळीबरोबरचा घोट एवढाच होता. जित्याची खोड, असं म्हणून ती म्हणीचा पुढचा भाग गिळून टाकायची.

अंग बाहेर यायला लागलं, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरायला लागली, तेव्हाही तिनं हेच केलं, गिळून टाकलं. चार वर्षं ती न्हाणीघराचं दार लावून, एक पाय बादलीवर ठेवून ते स्वतःच्या हातानं आत ढकलत होती. एकाच घरात राहणाऱ्या मुलीला कळलं ते धुवायच्या कपड्यांत रक्ताचा डाग सापडला तेव्हा. काटेवालीला त्या दिवशी आईची कीव आली नाही, संताप आला. गाडीच्या चाकात अडकलेला दगडसुद्धा आपल्या नजरेतून सुटत नाही आणि घरातलं हे सुटलं, याचा तो संताप होता. म्हणून ऑपरेशन ठरलं तेव्हा तिनं पंधरा दिवसांची रजा टाकली, दादाला फोन करून सांगितलं की तू आला नाहीस तरी चालेल, मी डोळ्यांत तेल घालून बघते. दादा दूरच्या शहरात होता. त्यालाही ते बरंच वाटलं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सहा रेघा झाल्या आणि अकरा टिंबं.

नळी काढल्यावर काही काळ असं होतं, सिस्टर म्हणाल्या होत्या, सारखी लागल्यासारखी वाटते. आईला दर अर्ध्या तासानं वाटत होती. बाथरूम वॉर्डाच्या पार टोकाला. आधी आईला कुशीवर वळवायचं, मग पाय खाली सोडायचे, मग तिचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेऊन उभं करायचं. मग चव्वेचाळीस पावलं, दाराशी एक पायरी, तिथे अर्धा भार उचलायचा. आई अंगानं भरलेली होती. काटेवालीच्या कमरेची चकती दोन वर्षांपूर्वी सरकली होती आणि पट्टा बांधूनही अकराव्या फेरीला तिच्या डाव्या पायातून कोणीतरी सुई ओढत नेल्यासारखं होत होतं. तिथे पोहोचल्यावर चमचाभर लघवी व्हायची. कधी तेवढीही नाही.

"चुकून वाटलं गं," आई ओशाळून म्हणायची.

"असू दे."

चार वाजता त्या बाराव्यांदा जाऊन आल्या. काटेवालीनं आईला खाटेवर ठेवलं, चादर ओढली, सातवा ग्लास भरला. आईनं तो पिऊन संपवला आणि दहाच मिनिटांत चादरीतून हात बाहेर काढून तिच्या बाहीला लावला.

"आत्ताच तर जाऊन आलो ना!" काटेवालीच्या तोंडून गेलं. आवाज चढलेला होता. "किती वेळा, आई? मी माणूसच आहे ना?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं नजर दुसरीकडे वळवली. आईचा हात तसाच बाहीवर राहिला आणि मग निघून गेला.

"मला नव्हती लागली," आई म्हणाली. "चादर नीट कर एवढंच सांगत होते."

काटेवाली तरीही तिला घेऊन गेली. परत आणून निजवल्यावर ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडली. थोडं कमरेसाठी, थोडं स्वतःच्या जिभेसाठी. तोंड धुऊन परत आली तेव्हा आई डोळे मिटून पडलेली होती. काटेवालीनं तिच्या कपाळावर हात ठेवला.

"चुकलं माझं."

"काय चुकलं?" आई डोळे न उघडता म्हणाली. "एक काम कर, माझी त्या शेजारणीशी ओळख करून दे. दिवसभर तुझंच तोंड बघून कंटाळा आला."

शेजारची बाई पाळणाघर चालवायची. तिच्या गर्भाशयातल्या गाठी काढल्या होत्या. वय पन्नाशीचं, जीभ सतत चालू, आणि ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी भिंतीला धरून हिंडायला लागलेली. तिच्याकडे भेटायला येणारं कुणी नव्हतं, एक भाचा संध्याकाळी डोकावून जायचा. आईची आणि तिची गट्टी जमायला अर्धा तासही लागला नाही. दोघींमध्ये एक स्टूल होतं, त्यावर दोघींचे ग्लास आणि पाण्याचा एकच जग असायचा.

दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं. काटेवाली सकाळी आठला आली की आई सांगायची, जाऊन आले, हिच्याबरोबर, भिंतीला धरून. मारून टाक एक टिंब. दुपारी पुन्हा, तू चहा घ्यायला गेलीस ना, तेव्हा गेलो दोघी. पाळणाघरवाली मान डोलवायची. दिवसातून चार-पाचदा काटेवाली स्वतः घेऊन जायची, आणि आता आई आत बरा वेळ बसायचीसुद्धा. पाण्याचंही तेच. काटेवाली ग्लास भरून देई, आई एक घोट घेई आणि मग तिला काहीतरी आठवे. टॉवेल वाळला का बघ. डॉक्टरीणबाई कधी येणार ते विचार जरा. माझा चष्मा त्या पिशवीत आहे का? काटेवाली वळून परत येईपर्यंत ग्लास रिकामा.

"बघ," आई ग्लास उलटा करून दाखवायची. "मार रेघ."

बुधवारच्या कागदावर रेघा अडखळत गेल्या होत्या, पण गुरुवारी बारा झाल्या आणि शुक्रवारी बारा, पाच-पाचच्या जुड्या बांधलेल्या, सरळ, एका उंचीच्या. राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तो कागद शिकाऊ मुलींना दाखवला. "असा ठेवतात तक्ता," त्या म्हणाल्या. सिस्टर जाता जाता काटेवालीच्या खांद्यावर थोपटून गेल्या. इतका चांगला कागद बघितल्यावर कुणाला वाटणार होतं की चादर वर करून पोट दाबून पाहावं? काटेवाली त्या रात्री घरी जाऊन कित्येक दिवसांनी नीट झोपली.

शनिवारी सकाळी पाळणाघरवालीला घरी सोडलं. तिनं आईच्या गालाला हात लावला, काटेवालीला पत्ता लिहून दिला, आणि पिशवी घेऊन तुरुतुरु चालत गेली. काटेवालीनं नेहमीसारखा ग्लास भरून दिला, औषध आणायला खाली गेली, वर आली. ग्लास स्टुलावर भरलेला होता.

"आई, पाणी?"

"नंतर."

दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हाही तो भरलेलाच होता. तीन दिवसांत असं पहिल्यांदाच झालं. आईला बरं वाटत नसावं, एवढंच तिच्या मनात आलं. ते खरंही होतं. अकरा वाजता आईला हुडहुडी भरली. खाटेचे पाय वाजायला लागले इतकी. दोन ब्लँकेटं घातली, थर्मामीटर लावला, एकशे तीन. पाठीत कमरेच्या वर हात लावला तर ती किंचाळली.

सिस्टर धावत आल्या. पडदा ओढला, नवी नळी घातली. पिशवीत उतरलं ते विटेच्या रंगाचं, गढूळ, आणि इतकंसंच की तळ झाकला गेला आणि थांबलं. सिस्टरनी पिशवी उजेडात धरली. मग पायथ्याची पाटी काढून रेघा पाहिल्या. मग पुन्हा पिशवी.

"बारा ग्लास?" त्या म्हणाल्या. "कालही बारा, परवाही बारा?"

"हो."

"तुम्ही पाजलेत?"

"मी दिलेत. सगळे."

"मग गेले कुठे?" सिस्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बाई, कागद भरणं सोपं असतं. मीही भरलेत. पण मला खरं सांगितलं असतंत तर कालच सलाइन लावलं असतं ना."

बावीस वर्षांच्या नोकरीत काटेवालीनं न पाहिलेला आकडा लिहिला नव्हता. त्यासाठी मालकाच्या मेहुण्याशी भांडली होती, दोनदा बदली झेलली होती. आणि आज तिच्याच आईच्या खाटेच्या पायथ्याशी तिला खोटं पाडलं होतं, तेही इतक्या हळू आवाजात.

दुपारी आईला खालच्या मजल्यावर हलवलं, यंत्रांच्या खोलीत. तिथे तिला मुलगी ओळखू येईना. तिच्या डोळ्यांपुढे कारखाना उभा राहिला होता. मधेच ती उठायचा प्रयत्न करायची आणि काटेवालीचा हात धरून दबक्या आवाजात विचारायची, "बाई, जाऊ का? दोन मिनिटांत येते. घंटेची वाट बघवत नाही हो."

"जा, आई. जा तू."

"बिल्ला?"

काटेवालीनं पेन्सिल तिच्या मुठीत दिली. आईनं ती घट्ट धरली आणि थोडा वेळ शांत झाली.

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती गेली. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, कागदावर लिहिलं होतं. ऑपरेशन यशस्वी झालं होतं, असंही लिहिलं होतं.

दादा आला, सगळं केलं, आठवडाभर राहिला. जायच्या आदल्या दिवशी त्यानं रुग्णालयाची फाईल चाळली, त्यात तो कागद होता. तो बराच वेळ त्याकडे बघत बसला. काटेवाली चहाचे कप विसळत होती.

"सिस्टर भेटल्या होत्या मला," तो म्हणाला.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही." त्यानं कागद फाईलमध्ये परत ठेवला. "तू थकली होतीस, मला माहीत आहे. कमरेचं दुखणं, एकटी तू. मी आलो नाही, हेही आहेच. पण खरं सांग. मी काही बोलणार नाही. दिलं होतंस ना पाणी?"

"दादा, प्रत्येक रेघ मी मारलीय."

"रेघेचं नाही विचारत मी."

काटेवालीनं विसळलेलाच कप पुन्हा विसळला. त्याच्या 'मी काही बोलणार नाही'मध्येच सगळं बोलून झालं होतं. दादा गेल्यावर रोज फोन करायचा, जेवलीस का विचारायचा, आणि शेवटी थोडं थांबायचा. त्या थांबण्यात तो प्रश्न असायचा. पंधराव्या दिवशी तिच्यानं राहवेना. "शेजारच्या खाटेवर एक बाई होती," ती फोनवर म्हणाली. "तिनं सगळं पाहिलंय. मी जाते तिच्याकडे. तिला विचारते, मग तुला सांगते."

"अगं, त्याची काय गरज आहे?" दादा म्हणाला. पण नको म्हणाला नाही.

पाळणाघर एका गल्लीच्या शेवटी तळमजल्यावर होतं. दुपारचे दोन वाजले होते. सतरंजीवर आठ-नऊ पोरं ओळीनं झोपलेली, पंखा गरगरतोय, खिडकीत चिमुकले मोजे वाळत घातलेले. पाळणाघरवालीनं दार उघडलं आणि आनंदानं दोन्ही हात पुढे केले. चेहरा भरला होता, रंग आला होता. तिनं तोंडावर बोट ठेवून काटेवालीला आतल्या छोट्या स्वयंपाकघरात नेलं, खुर्ची दिली, समोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"आई कशी आहे? चालते का आता एकटी?"

काटेवालीनं तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर एक पोर रडलं. बाई गेली, थोपटून आली. बसता बसता बोलायलाच लागली.

"मी कालच तुमची आठवण काढली. इथे एक कार्टं आहे, भाजी दिली की शेजारच्याच्या ताटात ढकलतं आणि मला रिकामं ताट दाखवतं. मला तुझी आईच आठवली."

"आई?"

"तुला नाही सांगितलं अजून तिनं?" बाईनं कपाळावर हात मारला आणि हसू दाबलं. "भारी चलाख हो तुझी आई! तू वळलीस की ग्लास माझ्या हातात. लवकर, लवकर, आमची काटेवाली येतेय. मी दोन दिवस दोघींच्या वाट्याचं पाणी प्यायले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्यासारखी लघवी वॉर्डात कुणाची नाही! त्यांना काय ठाऊक, मी डबल ड्यूटी करत होते."

पंख्याचा आवाज येत होता. काटेवालीनं समोरच्या ग्लासवर नजर ठेवली. काट्यावर रोज गाड्या येतात. भरलेली गेली, रिकामी आली, वजा करा, पावती द्या. पण रिकामी गाडी परत आली म्हणजे माल कुठे उतरला हे काटा सांगत नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची.

म्हणजे रेघा खोट्या नव्हत्या. तिनं पाणी दिलं होतं, प्रत्येक ग्लास दिला होता, आणि ते सांगणारी साक्षीदार समोर बसली होती. क्षणभर तिला इतकं हलकं वाटलं की रडू फुटलं असतं. पुढच्याच क्षणी तिला या बाईचा, तिच्या भरलेल्या गालांचा, चांगल्या झालेल्या अंगाचा भयंकर राग आला.

"तुम्ही तिला काही म्हटलं नाहीत?"

"म्हटलं की! म्हटलं, अहो, सिस्टर ओरडतील, तुम्हालाच तर सांगितलंय. तर म्हणाली, संध्याकाळी पोरगी घरी गेली की पिते एकदम. रात्री आया असते, तिला उठवलं तर हरकत नाही." बाईचं हसू आता मऊ झालं. "तुला वाईट वाटू देऊ नकोस हं. तुझ्यासाठीच करत होती ती. तो पहिला दिवस नव्हता का, तू बाहेर बाकावर जाऊन रडलीस? मी तिला भिंतीला धरून दारापर्यंत आणलं होतं, तुझ्या मागे यायचं म्हणत होती. तिनं बघितलं तुला. आम्ही तशाच परत फिरलो. खाटेवर पडल्यावर मला म्हणाली, माझ्या प्रत्येक घोटाला तिची कंबर मोडते. आणि पाणी नाही प्यायले तर तिचा जीव टांगणीला. तेव्हा रिकामा ग्लास दिसला की झालं. मी एकतीस वर्षं काढली तशी, चार दिवसांनी काय होतंय?"

काटेवालीच्या हातांना काही करायला नव्हतं. तिनं टेबलावरचं फडकं घेतलं, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मी माणूसच आहे ना? हेच शब्द होते. आवाज चढलेला होता. बुधवारी, चार वाजून गेल्यावर.

"बाथरूमला जात होतात ना तुम्ही दोघी?" तिनं विचारलं.

"मी जायचे. ती कसली येतेय! म्हणायची, माझी टाकी पोलादी आहे." बाईनं काटेवालीच्या हातावर हात ठेवला. "घरी गेल्यावर प्यायला लागली असेल ना चांगली? बघ, मी माझीच बडबड लावली. सांग ना, कशी आहे?"

बाहेर एक पोर झोपेत काहीतरी पुटपुटलं आणि गप्प झालं. समोरच्या बाईच्या डोळ्यांत कसलीच शंका नव्हती. ती एक मजेदार गोष्ट सांगत होती, आयुष्यभर सांगायची ठेवलेली. काटेवालीनं एक शब्द उच्चारला असता तर ती गोष्ट तिथेच संपली असती आणि या बाईलाही आजपासून ग्लास मोजत बसावं लागलं असतं.

"बरी आहे," काटेवाली म्हणाली.

"चालते?"

"चालते."

"देवच पावला. आणि पाणी?"

"पिते आता."

"अगं, तुझंच तसं राहिलं." बाईनं ग्लास तिच्याकडे सरकवला. काटेवालीनं तो उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. बाई बघत होती म्हणून तिनं तो रिकामा करून टेबलावर ठेवला.

दारापर्यंत पोहोचवायला येताना बाई हळूच म्हणाली, "तिला सांग, माझ्या वाटणीचं मी प्यायले, तुमच्या वाटणीचं आता तुम्हीच प्या."

"सांगते."

गल्लीच्या कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत फोन वाजला. दादा होता. आज त्यानं जेवलीस का विचारलं नाही.

"भेटली ती?"

"भेटली."

"आठवतंय तिला?"

"सगळं आठवतंय."

"मग?" तो थांबला. या वेळी मात्र त्यानं प्रश्न विचारलाच. "पाजलं होतंस ना तू आईला पाणी?"

एक सायकल घंटी वाजवत गेली. काटेवाली भिंतीच्या कडेला सरकली, कमरेवर हात दाबून उभी राहिली.

"नाही, दादा," ती म्हणाली. "नाही पाजलं मी."

पलीकडून दादानं श्वास सोडला, मोठा आणि सुटकेचा.

"बरं केलंस," तो म्हणाला. "खरं सांगितलंस ते."